वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिराती आणि ग्रामीण पालक

मुंबई-पुणे लोहमार्गावरील नेरळ हे स्थानक १९०७ सालापासून माथेरानच्या छोट्या रेल्वेचे आरंभस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील तरुण पिढ्यान् पिढ्या याच लोहमार्गाने मुंबई, ठाणे, कल्याणकडे नोकरीसाठी जात आली. भाताची एकपिकी शेती, खोपोली परिसरातील कारखाने, माथेरानचा पर्यटन व्यवसाय आणि रोजची लोकल हा येथील उपजीविकेचा आधार होय. आता या चित्रात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमानतळ जवळ आला, तशी विमान वाहतुकीतील नोकरीची आकांक्षाही घराघरांत पोहोचली.

ही आकांक्षा सर्वथा स्वागतार्ह आहे. नेरळच्या शाळेत शिकलेला मुलगा किंवा मुलगी विमान चालवू शकणार नाही, असे कोणताही नियम म्हणत नाही. परंतु जेथे आकांक्षा असते तेथे तिचा व्यापार करणारेही असतात. 'बारावीनंतर थेट वैमानिक', 'शंभर टक्के नोकरीची हमी', 'एका वर्षात विमान कंपनीत' अशा शब्दांत केली जाणारी जाहिरात पालकाला मोहात पाडते, आणि त्या मोहाची किंमत कित्येकदा वडिलोपार्जित जमिनीने चुकवावी लागते. म्हणूनच शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनी या विषयाची मूलभूत माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

परवाना आणि नोकरी : दोन वेगळ्या गोष्टी

या विषयातील पहिला धडा असा की, वैमानिकाचा परवाना आणि विमान कंपनीतील नोकरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परवाना देण्याचा अधिकार केंद्र शासनाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आहे. प्रशिक्षण संस्था परवाना देत नाही; ती केवळ उमेदवाराला त्यासाठी तयार करते. नोकरी देण्याचा अधिकार विमान कंपनीला आहे. तो महासंचालनालयाला नाही आणि प्रशिक्षण संस्थेलाही नाही. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी निम्म्या जाहिरातींचा फोलपणा उघड होतो. जी गोष्ट स्वतःच्या हाती नाही तिची हमी कोणी कशी द्यावी?

या क्षेत्रातील मूळ कायदा १९३४ चा होता. त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला आहे. नियमांप्रमाणे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असण्याची अट अनेक वर्षे चालत आली आहे. ती शिथिल करण्याविषयीची चर्चा २०२५ मध्ये झाली; म्हणून प्रवेशाच्या वेळी कोणता नियम लागू आहे, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच पाहावे, दलालाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

परवान्याच्या वाटेवर तीन मोठे टप्पे आहेत. पहिला वैद्यकीय तपासणीचा. महासंचालनालयाने मान्य केलेल्या वैद्यकाकडून आधी द्वितीय वर्गाची व नंतर प्रथम वर्गाची तपासणी करून घ्यावी लागते. रंगांधत्वासारखा दोष या टप्प्यावर आढळला, तर पुढचा सारा खर्च वाया जाऊ शकतो. दुसरा टप्पा लेखी परीक्षांचा. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान हे त्यांचे विषय होत. याखेरीज रेडिओ दूरध्वनी वापरण्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. तिसरा टप्पा प्रत्यक्ष उड्डाणाचा. एकूण किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यांपैकी १०० तास उमेदवाराने मुख्य वैमानिक या नात्याने केलेले असावेत. त्यात किमान २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचे उड्डाण असावे, आणि त्यांपैकी एक फेरी ३०० सागरी मैलांहून कमी नसावी. उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण आणि रात्रीचे उड्डाण यांचेही किमान तास ठरलेले आहेत.

हे सर्व पूर्ण झाल्यावर परवाना हाती येतो. पण तेवढ्याने मोठे प्रवासी विमान चालविता येत नाही. त्यासाठी एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट जातीच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यास 'टाइप रेटिंग' म्हणतात. त्याचा खर्चही काही लाखांत जातो आणि पुष्कळदा तो उमेदवारालाच सोसावा लागतो. त्यानंतर कंपनीची लेखी परीक्षा, कृत्रिम उड्डाणयंत्रावरील चाचणी आणि मुलाखत. या प्रत्येक पायरीवर काही उमेदवार गळतात, ही वस्तुस्थिती जाहिरातीत कोठेही छापलेली नसते.

'एका वर्षात परवाना' : एक साधे गणित

प्रशिक्षणास किती काळ लागेल हे विद्यार्थ्याच्या हुशारीवर जितके अवलंबून असते, तितकेच संस्थेच्या विमानांच्या संख्येवरही असते. गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला वर्गात मांडता येईल असे एक काल्पनिक उदाहरण पाहू. एखाद्या संस्थेत ६० विद्यार्थी आहेत. प्रत्येकास २०० तास उड्डाण हवे, म्हणजे एकूण गरज १२,००० तासांची. संस्थेकडे ५ विमाने चालू स्थितीत असून प्रत्येक विमान महिन्याकाठी ६० तास उडते असे धरले, तर महिन्यास ३०० तास भरतात. १२,००० तास पूर्ण होण्यास ४० महिने, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यात पावसाळ्याचे दिवस, विमानांची दुरुस्ती, शिक्षकांची कमतरता आणि धावपट्टी बंद राहण्याचे प्रसंग जमेस धरलेले नाहीत. कर्जत-खालापूरच्या माणसाला कोकणातील आषाढ-श्रावणाचे आभाळ कसे असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणूनच जाहिरातीतील चकचकीत छायाचित्रांपेक्षा तीन आकडे अधिक बोलके असतात : चालू स्थितीतील विमाने किती, शिक्षक किती आणि सध्या प्रशिक्षण घेत असलेले विद्यार्थी किती. हे तीन आकडे लेखी देण्यास जी संस्था टाळाटाळ करते तिच्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

कर्जाचा भार

वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च आज साधारणतः ५० लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो. टाइप रेटिंग धरल्यास तो आणखी वाढतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांहून अधिक कर्जासाठी स्थावर मालमत्तेचे किंवा अन्य मूर्त स्वरूपाचे तारण द्यावे लागते. ग्रामीण कुटुंबाकडे असे तारण म्हणजे घर आणि जमीन.

उदाहरणादाखल, ५० लाख रुपयांचे कर्ज दर साल दर शेकडा ११ व्याजाने घेतले, तर केवळ व्याजच वर्षाला साडेपाच लाख रुपये होते. दहा वर्षांत फेडायचे म्हटल्यास मासिक हप्ता सुमारे ६८,९०० रुपयांचा पडतो. नोकरी लागली तर हा हप्ता झेपू शकतो. नोकरी दोन वर्षे लांबली तर तो झेपत नाही, आणि बँकेची नोटीस वैमानिकाच्या नावे येते तशी सातबाऱ्यावर नाव असलेल्या वडिलांच्या नावेही येते.

या परिसरातील आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, गहाण वा पट्ट्याने देण्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. 'कागद आम्ही करून घेऊ' असे सांगून फी भागविण्यासाठी जमिनीचा साध्या कागदावर व्यवहार करू पाहणारा मनुष्य हा हितचिंतक नव्हे, हे पाड्यापाड्यांवर सांगितले गेले पाहिजे.

नोकऱ्यांचे चढ-उतार

विमान वाहतुकीचा व्यवसाय भरती-ओहोटीचा आहे. २००५ नंतरच्या काळात देशात नव्या विमान कंपन्या निघाल्या आणि वैमानिकांची मागणी वाढली. त्या भरवशावर हजारो तरुणांनी देशात व परदेशांत लाखो रुपये खर्चून परवाने मिळविले. २००८ च्या जागतिक मंदीनंतर चित्र पालटले आणि परवानाधारक असूनही बेकार असलेल्या तरुणांचा मोठा वर्ग निर्माण झाला. २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपन्यांची उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकच बाजारात नोकरी शोधू लागले. अशा वेळी २०० तासांचा नवखा उमेदवार रांगेत सर्वांत मागे ढकलला जातो.

अलीकडे मागणी पुन्हा वाढली आहे. महासंचालनालयाने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. परंतु हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो : परवाने वाढले म्हणजे नोकरीसाठीचे स्पर्धकही वाढले. 'देशाला हजारो वैमानिक हवेत' हे वाक्य खरे असू शकते. 'म्हणून तुमच्या मुलाला नोकरी निश्चित' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचे मर्म नेमके येथेच आहे. ती बहुधा सरळ खोटे बोलत नाही, तर खऱ्या वाक्याला खोटा निष्कर्ष जोडते.

जाहिरात कशी वाचावी?

जाहिरातीतील काही ठरावीक शब्द आणि त्यांचा प्रत्यक्ष अर्थ शाळांमधून समजावून देण्यासारखा आहे.

'मान्यताप्राप्त' : मान्यता कोणाची व कशासाठी, हे पाहावे. लेखी परीक्षांची तयारी करून घेणारा शिकवणीवर्ग, परदेशी संस्थेत प्रवेश मिळवून देणारा मध्यस्थ आणि प्रत्यक्ष उड्डाण शिकविणारी संस्था या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उड्डाण शिकविण्यास महासंचालनालयाची मान्यता लागते. मान्य संस्थांची यादी त्याच्या संकेतस्थळावर असते व मान्यतेची मुदतही तेथे पाहता येते.

'शंभर टक्के नोकरी' : मागील तीन वर्षांत किती विद्यार्थी दाखल झाले, किती जणांना परवाना मिळाला आणि त्यांपैकी किती जण वैमानिक म्हणून रुजू झाले, असे विचारावे. परवाना मिळवून विमानतळावर अन्य काम करणारा विद्यार्थीही कधी कधी 'नोकरी मिळाली' या सदरात मोजला जातो.

'विमान कंपनीशी करार' : काही विमान कंपन्या स्वतःच्या निवड परीक्षेतून उमेदवार घेऊन ठरावीक संस्थांत प्रशिक्षण देववितात. अशा योजनेची माहिती त्या विमान कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. तेथे नसेल तर करार नाही असे समजावे. जेथे खरोखरीच पत्र दिले जाते तेथेही ते बहुधा सशर्त असते, आणि रिक्त जागा व कंपनीची स्थिती या शर्ती त्यात येतात.

'आजच नोंदणी करा, जागा मर्यादित' : घाई हे फसवणुकीचे सर्वांत जुने साधन होय. ज्या निर्णयावर कुटुंबाची दहा वर्षे अवलंबून आहेत, तो आठ दिवस विचार करून घेण्यास कोणतीही प्रामाणिक संस्था हरकत घेणार नाही.

सर्व फी एकरकमी भरणे हा सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही प्रशिक्षण संस्था फेब्रुवारी २००८ मध्ये एकाएकी बंद पडली, तेव्हा कर्ज काढून आगाऊ रक्कम भरलेल्या शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. कर्ज मात्र राहिले. फी उड्डाणाच्या तासांप्रमाणे हप्त्यांनी भरावी, आणि इंधन, धावपट्टीचे शुल्क, वसतिगृह, फेरपरीक्षा व फी परत करण्याच्या अटी यांचा लेखी करार करून घ्यावा.

फसवणुकीचा दुसरा प्रकार विद्यार्थ्यालाच गुन्ह्यात ओढतो. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, वैमानिकांना अटक झाली आणि महासंचालनालयाला देशभरातील परवाने व उड्डाण संस्था यांची तपासणी हाती घ्यावी लागली. न केलेले उड्डाण नोंदवहीत दाखवून 'लवकर' परवाना देऊ करणारी संस्था विद्यार्थ्याचे भवितव्य आणि उद्याच्या प्रवाशांचे प्राण, दोन्ही पणास लावते.

महाराष्ट्रातील प्रशिक्षणाची परंपरा

महाराष्ट्रास या क्षेत्रात उज्ज्वल परंपरा आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून जे. आर. डी. टाटा यांनी शिक्षण घेतले व १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. आज धुळे, बारामती, गोंदिया, नागपूर आदी ठिकाणी प्रशिक्षणाच्या सोयी आहेत. अमरावतीजवळ बेलोरा येथे एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांतील विद्यार्थ्यांसाठी 'महाज्योती' या शासकीय संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. अशा योजनांची चौकशी समाज कल्याण व आदिवासी विकास विभागांच्या कार्यालयांत प्रथम करावी आणि खाजगी कर्जाचा विचार त्यानंतर करावा.

चांगल्या-वाईटाची निवड करण्यास आता एक अधिकृत साधनही उपलब्ध झाले आहे. महासंचालनालयाने २०२५ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करण्यास प्रारंभ केला. पहिल्या यादीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. 'देशातील सर्वोत्कृष्ट संस्था' असा दावा वाचताना हे एक वाक्य आठवावे.

कायद्याचे संरक्षण

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केली असून खोटी हमी देणे आणि महत्त्वाची माहिती हेतुतः दडविणे या दोहोंचा तीत समावेश आहे. कलम २१ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशी जाहिरात बंद करू शकते व १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा अपराध घडल्यास दंडाची मर्यादा ५० लाखांपर्यंत जाते. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींसंबंधी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढण्यात आली. त्यांनुसार निवडीची वा नोकरीची खोटी हमी देण्यास आणि लेखी संमतीवाचून यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरण्यास मनाई आहे.

अशी तक्रार करण्यास दिल्लीला जावे लागत नाही. कलम १७ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी वा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नुकसानभरपाईसाठी अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. शैक्षणिक संस्था या कायद्याच्या कक्षेत कितपत येतात याविषयी न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. तथापि पाटण्याच्या एका दंत महाविद्यालयाने विद्यापीठाची संलग्नता व परिषदेची मान्यता नसताना ती असल्याचा आभास जाहिरातीतून निर्माण केला, त्या प्रकरणी विद्यार्थ्यांना मिळालेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये उचलून धरली आहे. म्हणून तालुका विधी सेवा समितीचा सल्ला घेऊन पाऊल उचलावे. उघड फसवणूक असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत फिर्याद देता येते. या सर्वांसाठी जाहिरातीचे कात्रण, पावत्या, करार आणि भ्रमणध्वनीवरील संदेश जपून ठेवावेत.

शाळा आणि ग्रामपंचायत यांची जबाबदारी

आजची जाहिरात केवळ वर्तमानपत्रातून येत नाही. ती 'मार्गदर्शन मेळावा' या नावाने शाळेच्या सभागृहात आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही येते. व्यासपीठावर मुख्याध्यापक असतात, सरपंचांच्या हस्ते दीपप्रज्वलन होते आणि समोर बसलेला पालक असे समजतो की, ज्या अर्थी सर आणि सरपंच आले आहेत त्या अर्थी हे खरे असले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनेही ही बाब क्षुल्लक नाही. एखाद्या व्यक्तीचे नाव वा छायाचित्र, किंवा संस्थेचे नाव वा शिक्का वापरून ग्राहकाच्या मनात विश्वास निर्माण करणे यास अधिनियमात 'पुष्टी' मानले आहे, आणि खोट्या जाहिरातीस पुष्टी देणाराही दंडास पात्र ठरू शकतो.

म्हणून पुढील गोष्टी सहज करता येतील. मेळाव्यास जागा देण्यापूर्वी संस्थेकडून मान्यतेची प्रत, विमाने व शिक्षक यांची संख्या आणि मागील तीन वर्षांचा निकाल लेखी मागावा. शाळेने विद्यार्थ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक कोणत्याही खाजगी संस्थेस देऊ नयेत. दहावीनंतर शाखा निवडतानाच पदार्थविज्ञान व गणित यांचे महत्त्व सांगावे. इच्छुक विद्यार्थ्याने फी भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असा आग्रह धरावा. काही हजारांच्या खर्चाने पुढचे लाखो रुपये वाचू शकतात. पालकांसोबत संस्थेला प्रत्यक्ष भेट देऊन, तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांशी संचालकांच्या अनुपस्थितीत बोलावे. विमानतळावरील भरतीच्या नावाने अनामत रक्कम मागितली गेल्यास ती देऊ नये. बनावट भरतीच्या जाहिरातींपासून सावध राहण्याच्या सूचना भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वेळोवेळी दिल्या आहेत.

त्याचबरोबर विमान वाहतूक म्हणजे केवळ वैमानिक नव्हे, हेही मुलांना कळले पाहिजे. विमानांची देखभाल, हवाई वाहतूक नियंत्रण, विद्युत व यंत्र विभाग, मालवाहतूक, सुरक्षा आणि अग्निशमन या क्षेत्रांत कितीतरी कमी खर्चात प्रवेश मिळू शकतो.

वैमानिकाला उड्डाणापूर्वी एक तपासणी यादी वाचावी लागते. इंधन किती, हवामान कसे, यंत्रे ठीक आहेत काय, याची एकेक नोंद केल्यावाचून तो चाके हलवीत नाही. हीच शिस्त पालकांनी प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी पाळली, आणि शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी त्यांच्याकडून ती पाळून घेतली, तर नेरळ परिसरातील जी मुले या क्षेत्राकडे वळतील ती कर्जाच्या ओझ्याखाली दबून न जाता, पुरती माहिती आणि पात्रता यांच्या बळावर वळतील.